उलटी गाठ

पुंजारामला मोडी वाचता येत नव्हती, आणि तरीही आमच्या दप्तर मंडळात येणारा प्रत्येक अभ्यासक आधी त्यालाच विचारायचा. पुण्याचा असो की हैदराबादचा, फाटकातून आत शिरला की, "मामा, देशमुखांची पत्रं कुठल्या कपाटात?" आणि मी टेबलामागे बसलेलो. ग्रंथालयशास्त्राची पदवी, मोडीचं प्रमाणपत्र, दारावर 'शंतनू देवगावकर, अभिरक्षक' अशी पितळी पाटी. माझ्याकडे लोक यायचे ते सहीपुरते. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा राग यायचा. त्याचं कधी काही चुकत नसे, म्हणून जरा जास्तच यायचा.

आमचं मंडळ औरंगपुऱ्यात एका दुमजली इमारतीत आहे. वरच्या दालनात अकराशे त्रेचाळीस रुमाल. बाहेरच्यांना रुमाल म्हटलं की खिशातला आठवतो. आमच्याकडे जुन्या कागदांचा गठ्ठा लाल कापडात बांधतात आणि त्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. हे सगळे रुमाल पुंजारामने बांधलेले. लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातला, चौथी शिकलेला, चौतीस वर्षं शिपाई.

मी नवीन होतो तेव्हा एका दुपारी त्याने आपण होऊन मला त्याची रीत समजावून सांगितली होती.

"एक गाठ म्हंजी जमिनीचे कागद. दोन गाठी, पत्रं. कापडाचं टोक आत खोचलं तर समजायचं, ह्याच्या आधीचा रुमालबी ह्याच घराण्याचा. टोक बाहेर, तर नवं घराणं सुरू."

"आणि हा?" खिडकीजवळच्या फळीवर एक रुमाल सगळ्यांपासून लांब ठेवला होता. त्याची गाठ वरून दिसतच नव्हती, खालच्या अंगाला मारलेली होती.

"ती उलटी गाठ. वरून कापड चांगलं दिसतंय, पर आत कसर लागलीय. आतून खाल्लेलं हाय सगळं. असला रुमाल बाकीच्यांत ठेवला तर त्येनलाबी लागतं. म्हणून बाजूला ठेवायचा."

"हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का?"

"लिव्हायचं कशाला, साहेब? बांधलंय की."

मी हसलो. लिहून मीही ठेवलं नाही. शिपायाने सांगितलेलं अभिरक्षकाने वहीत उतरवून घ्यायचं, हे माझ्या गळी उतरणारं नव्हतं.

गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या पाच संग्रहांनी मिळून संयुक्त सूची करायचं ठरवलं. आमचा संग्रह, सिल्लोडचा, आणि आणखी तीन. तोवर प्रत्येकाची पद्धत वेगळी, आमच्याकडे तर लेखी सूचीच नव्हती, अभ्यासकाला पाच गावं फिरावी लागायची. आता एका संस्थेने नोंद केली की ती पाचही ठिकाणी दिसणार. एकाने लिहायचं, बाकीच्या चौघांनी मानायचं. एकतीस मार्चला सूची कुलूपबंद व्हायची, आणि त्यानंतर एक अक्षर बदलायचं तरी पाचही संस्थांची संमती लागायची. हा शेवटचा नियम बैठकीत मी सुचवला होता. त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्कॅनिंगवाले यायचे होते. त्याच सोमवारी पुंजारामचा थोरला भाऊ गेला. बातमी आली तशी तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, दहावा झाला की येतो. तोवर गाठी सोडू नगा. मी आल्यावर एकेक सोडू, मी सांगत जाईन, तुमी लिव्हत जा."

"बरं," मी म्हणालो.

तारीख पुढे ढकलता आली असती. एक फोन करायचा होता, बस. पण मी सांगत जाईन आणि तुम्ही लिहीत जा, हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. दहा दिवस त्याच्या शेजारी मांडी घालून बसायचं आणि तो सांगेल ते लिहायचं! स्कॅनिंगवाले चौघेजण बुधवारी आले. गाठी पुंजारामने आवळलेल्या, नखांनी सुटेनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कात्री घ्या," मी म्हणालो.

पाच दिवसांत सगळे रुमाल उघडले. चौघे चार कपाटांवर बसले, हाताला येईल तो गठ्ठा कापला, कागद यंत्राखाली धरले आणि पांढऱ्या फोल्डरांत भरले. फोल्डरला क्रमांक पडले ते त्या दिवशी ज्या क्रमाने कापले गेले त्या क्रमाने. लाल कापडांचा ढीग जिन्यात पडला. एकाने त्यातलंच एक घेऊन सांडलेला चहा पुसला.

अकराव्या दिवशी पुंजाराम आला. डोक्यावर केस नव्हते, टोपी हातात. तो वर गेला आणि दालनाच्या दारातच थांबला. एकसारखे पांढरे फोल्डर, रांगेने लावलेले. मला तर ते दृश्य आवडलं होतं.

"टोकं बघितली का, साहेब?" त्याने विचारलं.

"कसली टोकं?"

"कापडाची. आत व्हती का बाहेर."

तेव्हा मला ते आठवलं. शपथेवर सांगतो, त्याआधी आठवलं नव्हतं. एका घराण्याची पत्रं कुठे संपतात आणि दुसऱ्याची कुठे सुरू होतात, हे सांगणारं जे काही होतं ते जिन्यात पडलं होतं. निम्म्याहून अधिक पत्रांवर ना नाव ना गाव, फक्त 'चिरंजीवास आशीर्वाद' आणि मजकूर.

पुंजाराम आठ दिवस वर बसून होता. फोल्डर उघडायचा, कागद हातात घ्यायचा, वास घ्यायचा, परत ठेवायचा. मोडी येत नाही, म्हणजे त्याला सगळे कागद सारखेच. नवव्या दिवशी खाली आला आणि म्हणाला, "कापड असतं तर सांगितलं असतं." मी तेव्हा जेवणाचा डबा उघडत होतो.

संयुक्त सूचीत 'मूळ क्रम' नावाचा एक रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नव्हता. क्रम मोडला असेल तर कारण द्यायचं. खरं कारण लिहिलं असतं तर पाच संस्थांपुढे माझी अब्रू गेली असती, कदाचित नोकरीही. म्हणून मी लिहिलं: 'मूळ क्रम शिपाई पुंजाराम गायके यांच्या हाताळणीतील निष्काळजीपणामुळे नष्ट.' मग एक बटण दाबलं आणि ते वाक्य अकराशे त्रेचाळीस नोंदींवर एकदम चढलं. मला हलकं वाटलं. खोटं बोलल्याची खंत वगैरे काही वाटली नाही, उगाच कशाला सांगू.

पुंजाराम त्याच महिन्याअखेर निवृत्त होणार होता, पण त्याचं पुढचं ठरलं होतं. सिल्लोडच्या संग्रहात करुणा साबळे म्हणून सूचीकार आहेत. दहा वर्षांपूर्वी पुंजाराम महिनाभर तिकडे जाऊन त्यांचे दोनशे रुमाल बांधून आला होता, त्यांना गाठी शिकवून आला होता. उरलेले सहाशे तसेच उघडे होते. बाईंनी त्याला एप्रिलपासून बोलावलं होतं. हे सांगताना तो चौतीस वर्षांत पहिल्यांदा अभिरक्षकासमोरच्या खुर्चीवर बसला होता, अर्ध्या बैठकीवर. "बाई म्हनल्या, मामा, तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाय," असं सांगून तो लाजला होता.

अठ्ठावीस मार्चला तो पुन्हा आला. या वेळी उभाच राहिला. ते वाक्य त्याने कचेरीतल्या पडद्यावर स्वतः वाचलं होतं, अक्षर अक्षर लावत.

"साहेब, माझं नाव तेवढं काढा."

"पुंजाराम, ती तांत्रिक टीप असते. कोणी वाचत नाही."

"सिल्लोडच्या बाई वाचत्यात. मी भावाच्या दहाव्याला व्हतो, साहेब. कात्री मी नाय लावली. तुमचं नाव घाला असंबी म्हनत नाय मी. कुणाचंच घालू नगा. माझं तेवढं काढा."

"बघतो," मी म्हणालो.

आमच्या कचेरीत 'बघतो' म्हणजे नाही. चौतीस वर्षांत हे त्यालाही कळलं होतं. तो तरी तसाच उभा राहिला. मी फोन उचलून कुणाला तरी लावल्यासारखं केलं, तेव्हा गेला.

तीन दिवस होते. वाक्य खोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिसाव्या तारखेला करुणाबाईंचाच फोन आला.

"सर, पुंजाराममामांबद्दल ते काय लिहिलंय? माझा विश्वास बसत नाही. त्यांचा एक कागद इकडचा तिकडे होत नाही."

तेव्हा मला माघार घेता आली असती. त्याऐवजी मी आवाज खाली आणला. "बाई, तुम्हाला दहा वर्षांपूर्वीचे मामा माहीत आहेत. दोन वर्षांपासून ते घेतात. आम्ही सांभाळून घेतलं इतके दिवस. कुणाला बोलू नका."

पुंजारामने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. "बरं," बाई म्हणाल्या. एकतीसला सूची कुलूपबंद झाली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सिल्लोडच्या समितीने पुंजारामला नको म्हणून कळवलं. तो गावाकडे गेला. लासूरच्या एका कापसाच्या जिनिंगवर राखणीला लागला, असं कानावर आलं.

ऑगस्टमध्ये सूचीचा छापील खंड निघाला. संपादक म्हणून माझं नाव, ठळक अक्षरात. आमचे अध्यक्ष अप्पाराव यांना समारंभाची भारी हौस. ते म्हणाले, "शंतनूराव, ग्रंथ चमकत्या कागदात नको. रुमालात बांधू, आपल्या परंपरेनं! पाहुणे गाठ सोडतील आणि प्रकाशन होईल. पुंजारामला बोलवा, त्याच्याच हातनं बांधू. शालही देऊ बिचाऱ्याला."

मी नको म्हणालो असतो तर का, ते सांगावं लागलं असतं.

पुंजाराम आला. धुतलेला पांढरा सदरा, पांढरी टोपी. समोर पाचही संस्थांची माणसं बसली होती. करुणाबाई पहिल्या रांगेत होत्या आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या. टेबलावर लाल कापड पसरलेलं. त्याने ग्रंथ मधोमध ठेवला, चारी टोकं घेतली, आवळली. कापडावर सुरकुती पडू दिली नाही. मग तो गठ्ठा त्याने अलगद पालथा घातला आणि पाहुण्यांपुढे सरकवला.

पाहुण्यांनी गाठ शोधली. वर नव्हती, बाजूला नव्हती. "अहो, ही तर लपवूनच ठेवलीय!" ते म्हणाले आणि सभागृह हसलं. अप्पारावही हसले. मी हसलो नाही. करुणाबाई टाळ्या वाजवायच्या थांबल्या होत्या. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, पुंजारामकडे पाहिलं, आणि मग नजर माझ्यावर आणून ठेवली. ती परत उचलली नाही.

"कात्री द्या," मी म्हणालो. मीच पुढे होऊन कापड बाजूने कापलं. कॅमेरे चमकले.

शाल खांद्यावर आणि नारळ हातात घेऊन पुंजाराम व्यासपीठावरून उतरला. माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "तुमची कात्री लई चालती, साहेब."

दुसऱ्या दिवशी करुणाबाईंनी सूचीत दुरुस्तीचा प्रस्ताव टाकला. पुंजाराम गायके यांच्याविषयीची टीप वगळावी. त्यांनी मला फोन केला नाही. सिल्लोडची संमती तर होतीच. आठ दिवसांत बाकीच्या तिघांचीही आली. पाचवी माझी.

दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य. मान्य दाबलं तर सगळे विचारणार, मग कात्री कुणी लावली? मी अमान्य दाबलं. यंत्राने कारण मागितलं. मी लिहिलं, 'टीप चुकीची असल्याचा पुरावा उपलब्ध नाही.' प्रस्ताव फेटाळला गेला. आता ते वाक्य आम्ही सगळे मेल्यावरही राहील, पाच ठिकाणी, अकराशे त्रेचाळीस वेळा.

समारंभातलं ते लाल कापड माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी बाजूने कापलं होतं, त्यामुळे गाठ शाबूत राहिली. एकदा दार लावून सोडवायला बसलो, नखं दुखेपर्यंत. नाही सुटली. फेकून द्यावी म्हटलं तर तेही होत नाही, हात तिथवर जाऊन परत येतो. मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते.

त्या खणातले बाकीचे कागद मी काढून दुसऱ्या कपाटात ठेवले आहेत.