नावाशिवाय ओवी नाही

मखमलाबादच्या शिवारात नवसाबाईंच्या तोंडून ओवी निघाली की दिवस मावळेपर्यंत ती चार मळ्यांत पोचायची. निंदणाऱ्या बाया ती उचलायच्या, सासरी-माहेरी घेऊन जायच्या. एकदा गेलेली ओवी माघारी बोलावता येत नाही, हे नवसाबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून भाजीचं मीठ बघावं तसा त्या शब्द आधी चाखून बघायच्या.

निवडणुकीला दहा दिवस उरले होते. भर दुपारी पडवीत नवसाबाई आणि कामाच्या चौघीजणी झेंडू निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात भाचा अश्विन आला, नवा पांढरा सदरा घालून. त्याच्याबरोबर उमेदवाराचा प्रचार सांभाळणारा महेश.

"आक्का, तुमच्या चालीवर गाणं लिहून आणलंय," महेशने खुर्ची पुढे ओढली. "तुमचा आवाज रिक्षावर लागला की अख्खा वॉर्ड आपला."

अश्विनने मोबाईल फुलांच्या क्रेटवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं. "आत्या, एवढं म्हण. मला वॉर्डाचं पद देणारेत."

"मला कुठं वाचता येतं? वाच तूच."

अश्विनने वाचलं.

"सापाला दूध बायांनो, पाजू नका गं दारात
त्यांच्या दुकानाची पायरी, चढू नका गं बाजारात."

चाल चोख बसली होती. तेच नवसाबाईंना टोचलं. असली ओळ बायांच्या तोंडात लगेच रुजते. मग निवडणूक सरली तरी गाजरगवतासारखी बांधाबांधावर उगवत राहते.

त्यांनी हातातलं फूल खाली ठेवलं. "अर्धीच हाय ही ओवी. नाव कुठंय?"

"कसलं नाव?"

"ओवीत माणसाचं नाव लागतं बाबा. भाऊ, लेक, शेजारीण, कोणाचं तरी. आईनं मला बिननावाची ओवी कधी शिकवली नाय. 'त्यांच्या' म्हंजी कोणाच्या?"

महेश हसला. "आक्का, कळतं की सगळ्यांना."

"मला नाय कळत. साप कोण, नाव सांग. घालते."

"एक का आहे? सगळेच."

"मग सगळ्यांची घे. मला कुठं गाडी पकडायचीय?"

बाया पदराआड खुसुखुसू हसल्या. महेशने अश्विनला डिवचलं, "तुझी आत्या आहे, तूच सांग."

"सांग की," नवसाबाई म्हणाल्या. "तुझ्या वळखीतला एक सांग."

अश्विनच्या चांगल्या ओळखीतलं असं एकच नाव होतं, आणि ते ओठांवर येईना. तेवढ्यात त्याच नावाचा हॉर्न मळ्याच्या फाटकाशी वाजला. पंचवटीच्या बाजारात फुलं नेणारा यासीनचा टेंपो. गेल्या पोळ्याला सिन्नरच्या रस्त्यावर अश्विनची गाडी घसरली, तेव्हा ह्याच यासीनने भरला टेंपो मागे फिरवून त्याला दवाखान्यात पोचवलं होतं. त्या दिवशीची फुलं टेंपोतच सुकली.

यासीन पडवीत आला, मोबाईल बघून थबकला. "मावशी, रेकॉर्डिंग? मग आमचं नाव घाला की एखाद्या ओवीत! पंधरा वर्षं तुमची फुलं वाहतोय."

नवसाबाईंनी भाच्याकडे पाहिलं. "घालू का रे? ह्याच ओवीत?"

अश्विनचं तोंड उतरलं. त्याने कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक, आणि खिशात कोंबली.

"नको आत्या," तो म्हणाला. "दुसरीत घाल."

"तुझं ते यंत्र चालू हाय ना? राहू दे." नवसाबाईंनी गळा मोकळा केला.

"झेंडूची गं रास माझी, उन्हामंदी केशराची
यासीन भाऊ नेतो, वाट पंचवटी बाजाराची."

पहिल्याच खेपेला चौघींनी मागची ओळ धरली. यासीन लाजून उगाच टेंपोकडे गेला आणि टायरला लाथा मारत राहिला.

महेश उठला. "हे आम्हाला नाही चालणार. आणि अश्विन, पदाचं विसर."

"तुमच्या रिक्षात नाय चालायचं," नवसाबाई म्हणाल्या, "पर रानात चालंल. बस, चहा घेऊन जा."

महेश चहाला थांबला नाही. अश्विनने बाह्या सारल्या आणि क्रेट उचलला. टेंपोपाशी पोचेपर्यंत पांढऱ्या सदऱ्यावर झेंडूचा पिवळा पट्टा उमटला. पाठीमागून आत्याचा आवाज आलाच.

"पुढारी गं निघाला, नवा सदरा घालून
अश्विन भाचा माझा, आला क्रेट उचलून."

"आत्या, ही नको गं पसरवू!" तो ओरडला.

पण बायांनी ती उचललीसुद्धा होती.