भोपळ्याबरोबर दिलेली ओढणी

पिटबुल म्हटलं की लोक चार हात लांब पळतात. आमचा मात्र पलंगाखालून बाहेर यायलाच तयार नव्हता. झुंजी लावणाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेला. मानेभोवती साखळीचे वण, डोकं एवढं थोरलं की मी त्याचं नाव भोपळा ठेवलं. अशा कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत आमच्यासारखी माणसं त्यांना आपल्या घरी सांभाळतात.

मी कपडे शिवते. एका दुपारी हा गडी आला आणि मशीनखाली माझ्या पायावर डोकं टाकून झोपला. तेव्हापासून मी एकाच पायाने मशीन चालवायला शिकले. गिऱ्हाईक उशिराबद्दल कुरकुरलं की सांगायची, "पायावर भोपळा आहे, काय करू?"

दादाने कधी तक्रार केली नाही. वहिनीला दिवस गेले तरी तो भोपळ्याला बिस्किटं आणायचा. एकदा हसतच घरी आला. म्हणाला, "माझ्या मित्राला हवाय हा. मोठं अंगण आहे, घरात पोरंबाळं आहेत. मी स्वतः जाऊन बघून आलोय."

नवं घर आमच्यातल्या दोघांनी पाहायचं, असा नियम. हे सगळं सांभाळणाऱ्या निवृत्त नर्सबाईंना आम्ही मावशी म्हणतो. त्या निघायची तयारी करत होत्या, तर मीच म्हटलं, "मावशी, कशाला दगदग? सख्खा भाऊ बघून आलाय."

पाठवणीच्या वेळी आम्ही अंगावरचा न धुतलेला कपडा कुत्र्याबरोबर देतो. परक्या घरात ओळखीचा वास असला की ते लवकर रुळतं. मी माझी ओढणी त्याच्या पट्ट्याला बांधली. त्याने ती हुंगली आणि दादाच्या गाडीत निमूट चढून बसला.

नंतर फोटो मागितला की दादा म्हणायचा, "मजेत आहे गं, किती काळजी!" शेवटी मावशी न कळवता दादाने दिलेल्या पत्त्यावर गेल्या. तिथे ना अंगण, ना पोरं. भंगाराचं गोदाम होतं. भोपळा राखणीला खांबाशी बांधलेला, मानेचे वण पुन्हा सोललेले. तिथल्या वॉचमनने सांगितलं, "तुमच्या माणसाने फाटकातच पट्टा आमच्या हातात दिला नि गेला. साखळी घालताना चावेल म्हणून आम्ही याचं तोंड बांधलं. ओढणी होतीच की बरोबर."

मावशी त्याला सोडवून आपल्या घरीच घेऊन गेल्या.

दादा जेवत होता. मी विचारलं, "तू घर बघून आला होतास ना?"

"नव्हतो गेलो," तो ताटाकडे बघत म्हणाला. "बाळ येणार घरात. मला भीती वाटत होती त्याची."

"मग बोलला का नाहीस? त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या घरी हलवला असता. एका फोनचं काम होतं!"

"तू रडली असतीस."

"आता काय हसतेय मी?"

परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. इथे बिस्किटं भरवणाऱ्या हातानेच केसाने गळा कापला होता, माझाही आणि भोपळ्याचाही. मी दादासमोरून उठून गेले, नाहीतर ताट भिरकावलं असतं.

जखमा सुकल्यावर भोपळा दुसऱ्या सांभाळणारीकडे जायचा होता. वाटेत मावशी त्याला माझ्याकडे घेऊन आल्या. मी मशीनवरून उठून खाली बसले, हात पुढे केला. भोपळा एक पाऊल पुढे आला. मग माझ्या खांद्यावरच्या ओढणीचा वास त्याला लागला. तो थरथरत मागे सरकला आणि तोंड भिंतीत खुपसून उभा राहिला. मी ओढणी काढून लांब फेकली, तरी तो वळला नाही. वास काय ओढणीलाच होता? तो माझाच होता.

तेवढ्यात दादा आत आला. भोपळ्याने कान टवकारले आणि शेपटी हलवत त्याच्या पायाशी जाऊन बसला.

"बघ," दादा त्याचं डोकं खाजवत म्हणाला, "त्याचा नाहीये माझ्यावर राग."