बायडीला पाहून चढणारा मीटर

मीटरवर एक्केचाळीसचा आकडा उमटला आणि काचेबाहेर उभ्या सव्वीस माणसांनी हात जोडले. त्यांतले अकरा जण इंजिनीयर होते.

आमचं डेटा सेंटर बोईसरच्या एमआयडीसीत. आसपासच्या कारखान्यांची कामं करणारे चोवीस मोठे संगणक, ज्यांना आम्ही सर्व्हर म्हणतो, ते काचेच्या एका खोलीत अखंड चालतात आणि वीज खातात. मी तिथला इलेक्ट्रिशियन, एकनाथ. कामाच्या दिवशी मीटर बावन्न किलोवॅटवर जायचा. 'वीज कमी करा' असा वरून तगादा, म्हणून मॅनेजर केतनसाहेबांनी ऊर्जानंद महाराजांना आणलं. त्यांनी तांब्याचं यंत्र खोलीत ठेवलं, डोळे मिटले.

"इथे रोज सकाळी एक छाया येते. तिच्या पावलांनी ऊर्जेला गळती लागते."

"दहा वाजता बायडी येते झाडायला," मी हसत म्हणालो. बायडी आली की मीटर चढतो, ही माझीच चहाच्या वेळची थट्टा होती. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

बायडी मूळची डोंगराकडच्या पाड्यावरची, राहायला सालवडला. "सायेब, मी लादी पुसते. मी काय केलं हाय?"

"तुझं काही नाही गं. महाराज म्हणतात, तर अकरा दिवस घरी बस," साहेब म्हणाले.

ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी मीटर एक्केचाळीसवर उतरला. मग हात जोडले गेले, पेढे वाटले गेले. महाराज म्हणाले, "विज्ञान जिथे थांबतं तिथून आमचं खातं सुरू होतं." बातमी पाड्यावर पोचली. तिथे बायडीला भुताळी, म्हणजे चेटकीण, म्हणू लागले. तिच्या सख्ख्या बहिणीने निरोप धाडला, पोरीच्या हळदीला येऊ नको.

हे ऐकून उन्नती माझ्याकडे आली. चिंचणीच्या मच्छीमार घरातली, आमच्याकडची सगळ्यात नवी इंजिनीयर. हात न जोडणारी ती एकटीच होती.

"एकनाथदादा, सुरुवात तुमच्या थट्टेने झाली ना?"

मी मान खाली घातली.

"मग आता मदत करा. बोट नांगरावर उभी असली तरी इंजिन चालू असेल तर डिझेल जळतंच. जाळं ओढायला लागली की जास्त जळतं. सर्व्हरचंही तसंच. नुसता चालू असताना किती वीज खातो आणि कामावर किती, हे मी प्रत्येकाचं मोजलंय. कुठल्या तासाला किती काम आहे ते कळलं, की मीटर काय दाखवेल ते मी आधी सांगू शकते."

तिने गेल्या दोन महिन्यांचे आकडे माझ्यापुढे मांडले. तिचा अंदाज आणि मीटर जवळजवळ एकमेकांवर बसत होते. यंत्र आल्यानंतरच्या दिवसांतही.

"म्हणजे यंत्राने काय केलं?"

"काहीच नाही. आपला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कारखाना देखभालीसाठी अकरा दिवस बंद आहे. काम कमी, म्हणून वीज कमी. महाराजांचा भाचा त्याच कारखान्यात ठेकेदार आहे. आणि दहा वाजता मीटर चढतो, कारण सगळ्या कारखान्यांची ऑफिसं तेव्हा उघडतात. बायडीताई घरी आहेत, तरी रोज दहालाच चढतोय. बघा."

बंदचं पत्र केतनसाहेबांच्याच मेलमध्ये न उघडता पडलं होतं.

बाराव्या दिवशी समारोपाची पूजा होती. कारखानाही त्याच दिवशी सुरू होणार होता. उन्नतीने सगळ्यांदेखत एका कागदावर आकडा लिहून साहेबांच्या खिशात ठेवला. "महाराज, अकरा वाजता मीटर किती असेल, तुम्हीही लिहा."

"शक्ती आकड्यात मावत नसते, बेटी."

"मग अकरा दिवस आम्हाला मीटर कशाला दाखवलात?"

अकराला मीटर बावन्नवर. कागदावरही बावन्न. महाराज म्हणाले, "ती बाई नक्की कुंपणाजवळून गेली असणार."

"ती एडवणला आहे, नातेवाइकांकडे," मी म्हणालो. "मीच सोडून आलोय काल." त्यानंतर महाराजांना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं. जाताना यंत्र काखेत मारायला ते विसरले नाहीत.

त्याच हिशेबाने उन्नतीने पुढची गोष्ट दाखवली. आठ सर्व्हर जवळजवळ रिकामे बसून वीज जाळत होते. त्यांचं किरकोळ काम इतरांवर टाकून ते बंद केले. कारखाना पूर्ण चालू असताना मीटर त्रेचाळीसवर आला, आणि तिथेच राहिला. या वेळी कुणी पेढे वाटले नाहीत.

साहेब बायडीला म्हणाले, "ये उद्यापासून कामाला."

"मी येन. पन आदी तुमी पाड्यावर या. जे बोललाव ते तिथं परत घ्या."

साहेब आले. मी थट्टेची कबुली दिली, उन्नतीने सगळं समजावलं, साहेबांनी माफी मागितली. बहिणीने बायडीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. लोक उठू लागले, तशी बायडीच बोलली.

"माझ्यासाटी या पोरीनं मोजलं. पन पल्याडच्या पाड्यावरची ठमी म्हातारी, पोरं तापानं गेली म्हनून तिला हाकलली. तवा तो ताप कशाचा, कुनी बगितलं व्हतं?"

त्या पाड्यावरची माणसं होती तिथे, आणि त्यांच्या माना खाली होत्या.

मी एवढंच सांगेन. काही विपरीत घडलं तर कारण शोधा, मोजा, तपासा; नाही सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा. पण कारणाच्या जागी एखाद्या बाईचं नाव लिहू नका. ठमी म्हातारी सध्या कुठे आहे, ते आम्ही विचारत फिरतो आहोत.