उंदराचा आवाज

"छे, छे! उंदीर असा बोलेल का?" काचेपलीकडून दिग्दर्शक ओरडला. "फारच सभ्य वाटतोय. तुझ्या घरचं बोलणं काढ ना, गोदामामागच्या वस्तीतलं. पोरं हसून लोळतील!"

चिमणीने कानांवरचे हेडफोन काढले. चाळिशी उलटली तरी स्टुडिओत तिचं नाव चिमणीच. कार्टूनमधली पिल्लं, ससे, बेडकं कित्येक वर्षं तिच्याच गळ्यातून बोलत होती. घरचं बोलणं ती चपलांसारखं दाराबाहेर काढून आत यायची. चहाच्या वेळी मात्र सगळ्यांना हसवायला कधीतरी आईची नक्कल करायची. ते आता अंगाशी आलं होतं.

चित्रपट शाळांसाठी होता. जंगलातलं धान्य चोरीला जातं. कोल्हीण म्हणजे लबाडच, असं म्हणून सगळे तिला हाकलतात आणि शेवटी चोर निघतो उंदीर. कोणाला दिसण्यावरून जोखू नये, हे पोरांना शिकवायचं होतं. कोल्हिणीचा आवाजही चिमणीचाच होता. तो मात्र शुद्ध हवा होता.

"म्हणजे कोल्हीण चांगली, म्हणून ती तुमच्यासारखी बोलते. आणि उंदीर चोर, म्हणून तो माझ्या आईसारखा?"

"अगं, मनाला काय लावून घेतेस! गंमत आहे."

"कोणाची?"

रेकॉर्डिस्ट उगाच बटणांशी चाळा करू लागला. चिमणीची आई जन्मभर त्या गोदामात धान्य निवडायला गेली. रोज संध्याकाळी फाटकावर तिची पिशवी उपडी करून बघायचे. एक दाणा कधी निघाला नाही, तरी दुसऱ्या दिवशी पिशवी पुन्हा उपडी.

"उंदीर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या," असं म्हणून ती निघाली.

घेतलाच त्यांनी करून. चहाच्या वेळी चिमणीच्या नकलेला सगळ्यांत जास्त हसायची, त्या पोरीकडून.

लेकीच्या शाळेत चित्रपट दाखवला, तेव्हा पालकांनाही बोलावलं होतं. चिमणी मागच्या बाकावर बसली. उंदराने तोंड उघडलं आणि वर्ग खिदळला. आईचा हेल, आईचं ते दर वाक्यामागचं "गं माझी बाई", सगळं हुबेहूब उचललं होतं. मेलीने एक सूर सोडला नव्हता. शेवटी प्राण्यांनी कोल्हिणीची माफी मागितली तेव्हा वर्गाच्या बाईंनी डोळे पुसले.

"मग, काय शिकलो आपण?"

"कोणालाही दिसण्यावरून वाईट म्हणायचं नाही!" पोरं एका सुरात ओरडली.

कोणीतरी लगेच तेच वाक्य उंदराच्या आवाजात म्हणून दाखवलं. पुन्हा हशा पिकला. बाईही हसल्या. उठून तो पडदा टराटरा फाडावा, असं चिमणीला वाटलं.

व्हरांड्यात लेक भेटली. चिमणीने सवयीने विचारलं, "डबा खाल्लास का गं माझी बाई?"

लेकीचा चेहरा कावराबावरा झाला. "आई, हळू ना! इथे तसं नको बोलूस."

चिमणी थबकली. तसं न बोलणं तिला भल्याभल्यांपेक्षा चांगलं जमायचं, त्यावरच तर घर चालत होतं. तिने घसा साफ केला आणि आईच्याच हेलात, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा विचारलं, "डबा खाल्लास का गं माझी बाई?"

दोन-तीन पोरं वळून बघू लागली. लेकीने मान खाली घातली.

"खाल्ला," ती म्हणाली. अगदी त्या कोल्हिणीसारखं, शुद्ध.