मातामायचा निंब

अकोल्याला मृदाशास्त्र शिकवणारी अनुपमा चांदूर रेल्वेजवळच्या त्या माळावर दुसऱ्यांदा उतरली. मैनाबाईनं गावातल्या बायकांना हाताशी धरून वीस वर्षं वाढवलेली ही कडूनिंबाची राई. दीडशे झाडं. आता ऐन भादव्यात नजर जाईल तिथवर नुसते खराटे उभे होते.

उन्हाळ्यात झाडं फक्त पिवळी पडली होती. मैनाबाईनं अर्ज केला आणि अनुपमा धरून तीन तज्ज्ञ येऊन गेले. तिघं तीन दिवशी. आपले विद्वान एकमेकांना भेटतात ते कुणाच्या तरी निरोपसमारंभात, झाडाखाली नव्हे. अनुपमानं माती पाहिली आणि ओल कमी म्हणून खोडाभोवती खोल आळी करायला सांगितली. कीटकवाल्यांना वाळवी दिसली, त्यांनी पाचोळा जाळायला लावला. रोगवाल्यांना बुरशी दिसली, त्यांनी फांद्या छाटायला सांगितल्या. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. झाड कुणीच पाहिलं नव्हतं.

"तुमी सांगतलं ते सारं केलं, बाई," मैनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच अनुपमाला सोसवेना. "आळे खंदले, कचरा जाळला, फांद्या छाटल्या. मंग पावसाचं पाणी आलं, तं आळ्यात महिनाभर साचून राह्यलं."

अनुपमानं एका खोडाची साल नखानं खरवडली. आत कोरडं ठणठणीत. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. खोदताना मुळं तुटली होती, छाटताना पानं गेली होती, उरलंसुरलं तिच्या आळ्यांत कुजलं होतं.

राईच्या टोकाला मात्र एक झाड हिरवंगार होतं. बुंध्याशी शेंदूर फासलेले दगड.

"हे कसं वाचलं?"

"तो मातामायचा निंब हाये, देवीचा. त्याले आमी लोखंड लावत नाई, आग लावत नाई. तोबी पिवळा झालता तवा. पाणी आलं अन् आपोआप हिरवा झाला."

अनुपमा त्या झाडाच्या सावलीत बसली. प्रयोग करताना एक तरी झाड उपचाराविना राखून ठेवायचं, नाहीतर औषधानं गुण आला की घात झाला ते कळत नाही. हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवायची. इथं तिघांपैकी एकालाही ते सुचलं नाही. मातामायनं राखलं म्हणून एक राहिलं.

मैनाबाईनं पाण्याचा गडवा तिच्यापुढे धरला.

"आता काय करू, बाई? तुमी सांगसान तसं करतो."