तामसी जंक्शनचा स्टेशनमास्तर

तामसीला रेल्वे नाही. आदिलाबादला जायचं तर बस धरायची, आणि बस येते तिच्या मर्जीनं. अमृतराव या गोष्टीवर जन्मभर चिडले, आणि शेवटी वैतागून आपल्या पंपाच्या सामानाच्या दुकानावरच्या माडीत त्यांनी स्वतःच रेल्वे आणली. प्लायवूडच्या फळ्या, त्यावर बोटभर रुंदीचे रूळ, थर्माकोलचा पैनगंगेचा पूल आणि फलाटावर पिवळी पाटी: तामसी जंक्शन. जंक्शन म्हणायला रूळ दोन दिशांना फुटावे लागतात. इथं सगळा मिळून एकच गोल होता. पण पाटी रंगवताना मालकाचा हात कोण धरणार!

या राज्याचा मेंदू म्हणजे एक काळा डबा. त्याचं बटण फिरवलं की गाडी पळते, थांबते, शिट्टी मारते. रविकांतनं, म्हणजे हैदराबादला नोकरीला असलेल्या पोरानं, दसऱ्यासाठी नवं इंजिन पाठवलं आणि फोनवर बजावलं, "बाबा, डबा जुना हाय. नव्या इंजिनाले तो वळखणार नाई. लॅपटॉपले जोडून त्याचं फर्मवेअर अपडेट करा, मंगच गाडी चालन." फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आतली अक्कल. ती लॅपटॉपातून ताजी करायची. दुसऱ्याची अक्कल ताजी करायला अमृतराव कधीही तयार असत.

आता सुवर्णाचं सांगायला पाहिजे. सुवर्णा ही रविकांतची बायको, भीमपूरची पोर, चैत्रात घरात आली. हैदराबादला खोली मिळेपर्यंत सासरीच राहायची होती. सासरा-सून म्हटलं की एकानं घसा खाकरायचा आणि दुसरीनं पदर सावरायचा, एवढंच संभाषण. पण एक दिवस ती चहा घेऊन माडीवर आली आणि म्हणाली, "मामाजी, हे गाडी तामसीहून जाते कुठं?" अरे देवा! हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून माणूस किती वर्षं वाट बघत होता! त्या दिवसापासून सुवर्णा तामसी जंक्शनची घोषणा करणारी बाई झाली. भाजीवाल्याकडं असतो तसला माइक आणि भोंगा अमृतरावांनी आणला. मराठीत, हिंदीत आणि तेलुगूत ती गाडी पुकारायची. तिची शाळा तेलुगूतली. अमृतरावांचं तेलुगू पाइपाचा भाव सांगण्यापुरतं.

खंडेनवमीला दुकानातल्या पान्या-पकडींची पूजा झाली, तसे अमृतराव ताट घेऊन माडीवर चढले. सोजरबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "अहो, फळीले लावा कुंकू, झालं."

"फळीले? डोस्कं कोन्तं हाय याचं? डबा! पूजा डब्याची व्हायले पायजे."

सुवर्णा हळूच म्हणाली, "मामाजी, मागच्या भोकांवर फडकं टाकू काय?"

"देवाच्या अक्षतेनं कवा काई बिघडते काय, पोरी?" असं म्हणून अमृतरावांनी डब्याला पुढून-मागून ओलं कुंकू लावलं आणि लग्नमंडपात उभं असल्यासारख्या मूठभर अक्षता टाकल्या. वर नमस्कारही साष्टांग घातला. गुडघा दुखला तो दिवसभर दुखला.

दसऱ्याच्या सकाळी गावभर निरोप गेला, की संध्याकाळी सोनं द्यायला या आणि माडीवर नवं इंजिन बघून जा. आधी निरोप, मग काम, ही अमृतरावांची जुनी रीत. आंघोळ करून, टिळा लावून ते लॅपटॉपसमोर बसले. केबलीचं एक टोक लॅपटॉपात घातलं, दुसरं डब्याच्या मागच्या चौकोनी भोकात. या भोकाशी आजवर कधी काम पडलं नव्हतं. पिन जरा बाहेर राहत होती, पण कंपनीची ठेवणच तशी असेल. लॅपटॉपानं विचार केला आणि सांगितलं, डबा सापडला नाही.

"सापडला नाई म्हंजे? तुह्या नाकासमोर हाय, लेका!"

रविकांतला फोन लागला. "बाबा, केबल नीट बसली काय?"

"म्या जन्मभर पाण्यात उतरून मोटारी बसवल्या. मले केबल बसवता येत नाई काय? दुसरं सांग."

पोरानं दुसरं सांगितलं. केबल लॅपटॉपाच्या दुसऱ्या भोकात घालून झाली. दुकानातल्या प्रिंटरची केबल काढून ती लावून झाली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर त्यानं स्वतःचंच अपडेट सुरू केलं आणि दुपारपर्यंत गोल गोल फिरत बसला. अमृतराव त्याच्याकडं बघत बसले. दुसऱ्याला अक्कल द्यायला निघालेल्या माणसाला त्यानं बरोबर जागेवर बसवलं होतं. शेवटी उत्तर तेच: डबा सापडला नाही.

सोजरबाई जेवायला बोलवायला आली आणि सहज बोलून गेली, "काल पूजा झाल्यावर सुवर्णानं माडी झाडली, मस्त दिसते नाई?"

झालं! बुडत्याला काडीचा आधार, आणि इथं तर अख्खा झाडू सापडला.

"झाडली? कायले झाडली? तरीच! झाडूनं काईतरी तोडून ठेवलं असन. परक्या घरच्या पोरीले काय कळते याच्यातलं? काऊन हात लावू देता तुमी?"

सुवर्णा जिन्यातच होती, हातात चहा घेऊन. तिनं कप पायरीवर ठेवला आणि ती खाली गेली. कप आदळला असता तरी बरं झालं असतं. आवाजसुद्धा झाला नाही.

सोजरबाईनं पायरीवरचा कप उचलला. मग म्हणाली, "तिचा भाऊ लखन येऊन राह्यला संध्याकाळी, तिले माहेरी न्यायले. तुमची गाडी नाई चालली तं गावात कोनाचं काई अडत नाई. पन ते पोर अशी गेली, तं परत येऊन या घरात मोकळी बोलन काय? सांगा." उत्तराची वाट न बघता तीही गेली.

खरं तर इथं माणसानं उठावं आणि खाली जावं. अमृतराव उठले, पण बॅटरी शोधायला. पुरावा पाहिजे होता ना! झाडूची काडी त्या भोकात सापडली की बायकोला दाखवायची, पोराला फोटो पाठवायचा, आणि मग मोठ्या मनानं सुनेला माफ करून टाकायचं, असा सगळा बेत जिन्याशी उभ्या-उभ्या तयार झाला. चष्मा चढवला, डबा उलटा केला, बॅटरी मारली. आत काहीतरी होतं खरं! सोजरबाईच्या शिवणाच्या डब्यातली सुई आणली, कोरलं, टोकरलं, आणि ते बाहेर आलं.

लाल तांदूळ. कुंकवात भिजलेली, वाळून टणक झालेली अक्षता.

अमृतराव तिच्याकडं बघत राहिले. झाडूनं घरात अक्षता येत नाहीत. मूठभर अक्षता कुणी टाकल्या होत्या, किती जोरात टाकल्या होत्या आणि फडकं टाकू का म्हणून कुणी विचारलं होतं, हे सगळं त्यांना लख्ख आठवलं. वर सकाळपासून पिन दाबून-दाबून त्यांनीच ती आणखी आत बसवली होती. चोर शोधायला निघालेल्याला बॅटरीच्या उजेडात स्वतःचाच हात दिसला. खाऊन टाकली तर? पुरावाच संपेल. लाज वाटते सांगायला, पण अक्षता तोंडापर्यंत गेली होती. मग ओठाला कुंकू लागलं, आणि या वयात आपण पुरावा गिळायला निघालो म्हणून त्यांना स्वतःचीच इतकी किळस आली की त्यांनी ती फलाटावर, पिवळ्या पाटीखाली ठेवली.

केबल घातली, तर पिन टक्कन पार आत गेली. लॅपटॉपाला डबा लगेच सापडला. हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली आणि खाली सूचना आली, की काम पूर्ण होईपर्यंत काहीही काढू नका. अमृतराव जागेवर बसून राहिले. सासऱ्यानं सुनेची माफी मागायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या वडलांनी कुणाची मागितली नाही, आज्यानं तर नाहीच. "सुवर्णा, ते काय झालं..." असं एकदा डब्याकडं बघून म्हणून पाहिलं. डब्याला पटलं नाही.

हिरवी पट्टी भरून झाली, आणि दिवे लागायच्या सुमाराला गल्ली सोनं घेऊन माडीवर जमली. शेजारचे उत्तमराव सगळ्यांत पुढं. "काय स्टेशनमास्तर, गाडी लेट हाय म्हंतात?" खाली दाराशी लखन आला होता आणि सुवर्णाची पिशवी भरून तयार होती. जिन्याच्या तोंडातून ती पिशवी दिसत होती.

अमृतरावांनी माइक उचलला. भोंगा खिडकीत होता, त्यामुळं ते बोलले ते माडीला, जिन्याला, लखनला आणि पारावरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. तामसी जंक्शनची गाडी आज दिवसभर लेट झाली. कारण ऐका. स्टेशनमास्तरनं सोताच्या हातानं डब्यात अक्षता टाकली. भोकावर फडकं टाकू काय म्हनून विचारनारी विचारत होती, तिचं आयकलं नाई. अन् गाडी बंद पडल्यावर आळ तिच्यावरच घेतला. परक्या घरची म्हनला तिले. स्टेशनमास्तर गाढव हाय. सुवर्णा, म्या चुकलो. मले माफ कर."

उत्तमरावांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. अमृतरावांचे कान तापले होते. पण रीत म्हणजे रीत. हिंदीत त्यांनी कसंबसं सांगितलं, आणि मग तेलुगूची वेळ आली.

"प्रयाणीकुलकु..." 'प्रवाशांना' एवढं म्हणून अमृतराव अडकले. "प्रयाणीकुलकु..." पुढं पाइपाचा भाव सोडून काही सुचेना.

जिन्यात बांगड्या वाजल्या. सुवर्णा वर आली. डोळे लाल होते. तिनं सासऱ्याकडं न बघता हात पुढं केला, माइक घेतला आणि नेहमीच्या आवाजात तेलुगूत गाडी पुकारली. आवाज मधे एकदा कापला, तेवढंच. घोषणा मात्र फारच लवकर संपली.

"एवढंच?" अमृतराव घाबरत म्हणाले. "माफीचं नाई सांगतलं तू?"

सुवर्णानं पाटीखालची लाल अक्षता उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि माइक बंद केला.

"ते घरातलं हाय, मामाजी," ती म्हणाली. "ते गावाले तेलुगूत कायले सांगाचं?"

अमृतरावांनी मान खाली घातली आणि डब्याचं बटण फिरवलं. नवं इंजिन शिट्टी मारून निघालं, पुलावरून गेलं आणि गोल फिरून पुन्हा तामसीलाच आलं. सुवर्णा ते फलाटाला लागेपर्यंत थांबली आणि मग लखनला म्हणाली, "एक फेरी अजून पाहू दे, मंग निघू."