नेत्रानंद महाराजांचा फेटा

माकणीच्या मारुतीसमोर सकाळी नऊलाच सगळं गाव गोळा झालं होतं. ग्रामसभेला माणसं घराघरांतून हुडकून आणावी लागतात. पण चमत्कार म्हटलं की लंगडासुद्धा पळत येतो! चौथऱ्यावर नेत्रानंद महाराज, भगवा फेटा पार कानांवर ओढलेला, हातात मोबाइल, आणि त्यातलं सगळ्यांना दिसावं म्हणून मागं मोठा टीव्ही.

महाराजांची सिद्धी नव्या जमान्याची. ते ऑनलाइन पोकर खेळत. या खेळात प्रत्येकाची दोन पानं झाकलेली असतात. ती ओळखता आली की डाव आपला. महाराज डोळे मिटून ती सांगत.

"बालकांनो, हा समोरचा खेळाडू 'दुबई किंग' दुबईत बसलाय. पण आत्म्याला व्हिसा लागतो काय? दिसली! बदामाची राणी, किलवरची सत्ती!"

डाव संपला, पानं उघडली. राणी आणि सत्ती! मग 'बँकॉक टायगर'चीही पानं बरोबर निघाली. सहा डाव झाले, एक चूक नाही.

"नेत्रदीक्षा घ्या, तुम्हालाही दिसेल. दक्षिणा यथाशक्ती!"

बिरू धनगराची शक्ती म्हणजे चाळीस मेंढरं. ती विकून तो दीक्षा घेणार होता. उमरग्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन उभाही राहिला होता. बिरूची बायको शिवकांता त्याला ओढत माझ्याकडं घेऊन आली. मी गावचा निवृत्त मास्तर.

"गुरुजी, कळप गेल्यावर खायाचं काय? सांगा की ह्यांला."

"बिरू, या खेळात मुरलेला माणूससुद्धा समोरचा कुठं घाई करतो, कुठं थबकतो, एवढं बघून अंदाज बांधतो. अंदाज कधीतरी चुकतो. कधीच न चुकणारा अंदाज म्हणजे कुणीतरी केलेली चहाडी!"

"तुमी पुस्तकातली माणसं. त्यांला दिसतंय, तुमाला न्हाय," म्हणून बिरू टेम्पोकडं गेला.

शिवकांता हळूच म्हणाली, "गुरुजी, मेंढरू बघताना मान वर करतं, ऐकताना कान लावतं. म्हाराज पान सांगायच्या आधी दर येळेला उजवा कान लावतेत. त्यांला दिसत न्हाय, ऐकू येतंय."

मी चाळीस वर्षं शाळा शिकवली आणि मला हे दिसलं नव्हतं. लाज वाटली, खरं सांगतो.

पण महाराजांचा कान तपासायचा कसा? भक्तांनी माझेच कान उपटले असते. मग आमच्या जिल्ह्याची रीत कामी आली. इथं आमदार येवो की वायरमन, फेटा बांधून सत्कार ठरलेला. गावात फेटा बांधणारा मी एकटाच. मी माइक घेतला आणि सत्कार जाहीर केला.

महाराज दचकले. "आम्ही विरक्त! मानसन्मान नको."

"व्हय व्हय, फेटा!" भक्तच ओरडले.

"मग याच्यावरूनच बांधा."

"फेट्यावर फेटा? लोक हसतील, महाराज," म्हणत मी पहिला फेटा सोडलाच. उजव्या कानात हरभऱ्याएवढं यंत्र होतं. ते मी काढून माइकला लावलं. आतून आवाज आला,

"...चौकटचा गुलाम, इस्पिकची दश्शी. म्हाराज, ऐकताव न्हवं?"

"आम्हाला जरा कमी ऐकू येतं," महाराज पुटपुटले.

महाराजांची जीप देवळामागं उभी होती. पोरं तिकडं धावली. तिथं जीपमध्ये दुबई आणि बँकॉक मांडीला मांडी लावून भजी खात बसले होते. आणखी दोन शिष्यही होते. मोबाइलवरचं खेळाचं टेबल खाजगी, गुप्त आकडा टाकल्याशिवाय परका बसूच शकत नव्हता. प्रत्येक शिष्य आपापली पानं फोनवर सांगत होता. एवढीच अंतर्दृष्टी! दीक्षा घेऊन खऱ्या परक्यांशी खेळणारा नागवला गेला असता, आणि दोष त्याच्या श्रद्धेला लागला असता.

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, समोर बसलेली माणसं कुणाची? आणि माझा माणूस बसवला तर जमेल का?

टेम्पोत अर्धी मेंढरं चढली होती. बिरू आणि शिवकांता ती एकेक उतरवू लागले. मधेच बिरू म्हणाला, "म्हाराज लबाड निघाला. पर खेळ तर खरा असंल की? आपुनच शिकावं म्हन्तो."

शिवकांता थांबली. "बाजारात गिऱ्हाईकाचं तोंड बघून सौदा करताव, तरी फसताव. हितं तर तोंडबी दिसत न्हाय. कुनाशी खेळनार?"

बिरूनं खिशातला मोबाइल काढून तिच्या हातात दिला आणि पुढचं मेंढरू खाली घेतलं.